बिनवासाचं न्हाणं

आमच्या सुमनचं लग्न झालं ते साल १९८४. मे महिना, बुद्धपौर्णिमेनंतरचा चौथा दिवस. त्या लग्नाचा एकच फोटो घरात आहे. त्यात सुमन आहे, सौंसरचे आमचे जावई प्रकाश आहेत, माझे मालक कवडू नवी टोपी घालून उभे आहेत, आणि कडेला मी. माझे दोन्ही हात पदराखाली आहेत. नातवंडं विचारतात, आजी, तुला थंडी वाजत होती का? मे महिन्यात पांढुर्ण्याला कसली थंडी. हात लोकांना दाखवण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून झाकले होते.

माझं नाव अंबाबाई. बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला न्हाऊ घालणं हे माझं काम. माझी माय तेच करायची. सव्वा महिना रोज सकाळी घरोघरी जायचं, चूल पेटवून हंडाभर पाणी तापवायचं, पाय लांब करून बसायचं, लेकरू नडगीवर पालथं घ्यायचं, कोपरानं पाणी पाहायचं. आधी तिळाचं तेल, मग उटणं, मग पाणी. आमच्या हातचं पाणी न पिणारी घरंही आपलं पाच दिवसांचं लेकरू माझ्या पायांवर बिनघोर ठेवायची. मागच्या दारानं मी जायची आणि मागच्या दारानं यायची.

माझं उटणं गावात नावाजलेलं होतं. बेसन, हळद आणि संत्र्याच्या सालीची पूड. कवडू संत्र्याच्या बगिच्यात कामाला होते. हंगामात ते सालींची पोतडी घेऊन यायचे, मी त्या टिनावर वाळवायची आणि जात्यावर दळायची. पूड मायच्या काळापासूनची. ती लावली की लेकराचं अंग तुकतुकीत होतं, असं सगळे म्हणत.

एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास मोठ्या घरांत बाटल्या येऊ लागल्या. संत्र्यांचे बगिचे असलेल्या एका घरची सून अनुराधाबाई, तिनं नागपूरहून लेकरासाठी वासाचं तेल, वासाचा साबण आणि पावडर आणली. मग दुसऱ्या घरांनीही आणली. मलाही तो वास आवडला, हे खरं ते लिहिते. लहानपणी बाजारात लोक आमच्याकडे पाहून नाकाला पदर लावायचे. अंगाला गुलाबाचा वास येणं ही आमच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. मी स्वतःसाठीही गुलाबी साबण आणला. घरी वंदनेला मेणबत्तीसोबत चांगली जाड अगरबत्ती लावू लागले.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. मग बारीक फोड आले, फुटले, पाणी वाहिलं. वरून कातडी झाडाच्या सालीसारखी झाली आणि तडकली. मी काय करावं? गुलाबी साबणानं दोनदाऐवजी चारदा हात धुतले आणि रात्री-सकाळी माझंच उटणं औषध म्हणून चोळलं. हात आणखी बिघडले. गावच्या डॉक्टरनं मलमाची नळी दिली. नळी चालू असली की बरं, संपली की पुन्हा तेच.

गावात एकच शब्द फिरला, महारोग. तोंडावर कोणी बोललं नाही. अनुराधाबाईंनी निरोप धाडला की यंदा जावेच्या बाळंतपणात पाणी घरचेच तापवतील. एकेक घर तुटलं. कवडू म्हणायचे, "पोळ्याच्या गोटमारीत दगडानं डोकं फुटलं तं माणूस पट्टी बांधून मानानं फिरते. तुले तं दगडही नाही लागला, अन् तू हात लपवून राहिली."

पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात, पोळा होऊन आठवडा झाला असेल, विहीणबाई सौंसरहून बसनं आल्या. जयवंताबाई. उंच बाई, नवरा लवकर गेला, चार लेकरं एकटीनं वाढवली, बोलणं सुरीसारखं. हातात पेढ्यांचा पुडा होता. सुमनला दिवस गेले होते. मी आनंदात चहा टाकला आणि कप पुढे केला. झाकायचं विसरले.

त्यांनी कप घेतला नाही. माझ्या हाताकडे पाहिलं.

"हे काय होय, इहीनबाई?"

"खाज आहे. दिवसभर पाण्यात हात राहते ना."

"पाण्यात तं माहे हातही राहते."

मी कप खाली ठेवला. त्यांनी पेढ्यांचा पुडा त्याच्या शेजारी ठेवला. मग म्हणाल्या, "राग मानू नका. पहिलं बाळंतपण माहेरी होते, मले माहीत आहे. पण ह्या हातात मी लेकरू नाही देणार. सातव्या महिन्यात ओटी भरायले याल, तवा हात दाखवजा. साफ असले तं पोरीले घेऊन जाजा. नाही तं ती सौंसरलेच राहीन."

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. पण गावातली दोन-तीनशे लेकरं ज्या पायांवर न्हाली, त्या पायांवर माझ्या सुमनचं लेकरू येणार नाही, हे मला सोसवेना. हातात पाच महिने होते.

वच्छलाबाई आमच्या प्रौढ वर्गाच्या बाई. समाजमंदिरात संध्याकाळी वर्ग भरायचा. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी तिथं अ गिरवला होता. हात बिघडले तसा पेन्सिल धरायला त्रास होई, म्हणून मी वर्गाला जाणं सोडलं होतं. त्या घरी आल्या, हात उलटेपालटे करून पाहिले, त्यांना हात लावायची भीती वाटली नाही. म्हणाल्या, नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात चामडीचे डॉक्टर असतात, तिथं जा. गाव म्हणतं तो रोग असला तर आता औषध आहे, नसला तर नाव तरी कळेल. आणि जाताना हाताला जे जे लागतं ते सगळं पिशवीत घेऊन जा, असं त्यांनी बजावलं.

मी पॅसेंजरनं नागपूरला गेले. तिथं माझी मावसबहीण यमुना राहायची. दवाखान्यात दुपारी नंबर लागला. डॉक्टरीणबाई वयानं सुमनएवढीच. तिनं डोळे मिटायला सांगितले, हातावर कापूस फिरवला, मग टाचणी टोचली, आणि प्रत्येक वेळी विचारलं, कळलं का? मला सगळं कळत होतं. तिनं कानाच्या पाळ्या पाहिल्या, कोपराच्या आतली नस दाबून पाहिली.

"आजी, हा महारोग नाही," ती म्हणाली. मी खुर्चीवरच बसून राहिले. दोन वर्षांत हा शब्द पहिल्यांदा कोणी मोठ्यानं उच्चारला, आणि तोही 'नाही' जोडून.

मग तिनं माझ्या पिशवीतून साबण, तेलाची बाटली, पावडर, अगरबत्ती काढली आणि एकेक वास घेतला. पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक पट्टीत छोट्या छोट्या गोल चकत्या. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही. यमुना दोन दिवस माझ्या पाठीकडे एखाद्या पेरलेल्या वाफ्याकडे पाहावं तशी पाहायची. पट्ट्या काढल्या तेव्हा बाकी सगळं स्वच्छ होतं, दोन जागी मात्र लाल फोड उठले होते. डॉक्टरीणबाई म्हणाली की तेल, साबण, पावडर ह्यांत वासासाठी जी द्रव्यं घालतात, त्यांची माझ्या कातडीला ॲलर्जी आहे. वर्षानुवर्षं लागत राहिलं आणि एक दिवस कातडीनं त्यांना वैरी ठरवलं. आता ती विसरणार नाही. रोग कायमचा जायचा नाही, पण वास टाळला तर उठायचाही नाही.

"फुलांचा वास तरी चालते का?" मी विचारलं.

"नाकाला चालतो. कातडीला नको."

मी तिला एक विनंती केली. हे सगळं मराठीत लिहून द्या, मला वाचता येतं. तिनं हसून लिहून दिलं.

दिवाळीच्या सुमारास मी सौंसरला गेले. पोरीला पाहिलं, आणि विहीणबाईंसमोर पदरातून तो कागद काढून वाचला. अडखळत वाचला, पण बोट न ठेवता. 'हा महारोग नाही. हा रोग स्पर्शानं दुसऱ्यास होत नाही.'

जयवंताबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही वाचता?"

"चार वर्षं झाली."

"कागद चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण हात कुठं चांगले झाले?"

खरंच झाले नव्हते. साबण सोडला होता, बाटलीचं तेल सोडलं होतं, वंदनेला नुसती मेणबत्ती लावत होते. फोड कमी झाले, पण गेले नाहीत. आठ दिवस बरे, चार दिवस वाईट. डिसेंबर लागला. मला वाटू लागलं, डॉक्टरीणबाई चुकली असेल. वच्छलाबाईंनी सांगितलं म्हणून मी एक वही केली होती. त्यात रोज हाताला काय लागलं आणि हात कसे आहेत, ते लिहायची. 'आज भांडी राखेनं. हात बरे.' 'आज खाज. पाणी आलं.' दुसरं काही लिहायला नसायचं.

त्या महिन्यात तिगावला माझी भावजय पडली, तिचा पाय मोडला. मी आठ दिवस तिच्या घरी राहिले. धुणी धुतली, भाकरी केल्या, म्हशीचं शेण काढलं. आणि हात वाळले. फोड बसले, कातडी मऊ झाली. मला नवल वाटलं. पांढुर्ण्याला परत आले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी.

मी वही उघडून बसले. तिगावला सगळं काम पाण्याचंच होतं, शेणाचं होतं, राखेचं होतं. मग तिथं काय नव्हतं? पान मागंपुढं करत राहिले. काही सापडेना. शेवटी उठून हात धुवायला मोरीत गेले आणि कोनाड्यातल्या डब्याकडे हात गेला, तेव्हा कळलं. तिगावला माझं उटणं नव्हतं. नागपूरच्या पिशवीतही नव्हतं. दवाखान्यात सगळं नेलं, पण उटणं नेलं नाही. त्याच्यात दोष असेल हे मनातच आलं नव्हतं. ते औषध होतं ना. वहीतही एकदा लिहिलं नव्हतं. आपण श्वास घेतला हे कोणी लिहितं का?

मला ते मान्य करवेना. म्हणून डॉक्टरीणबाईनं केलं तसंच केलं. दंडाच्या आतल्या बाजूला ओलं बेसन, त्याच्या खाली ओली हळद, त्याच्या खाली संत्र्याच्या सालीची ओली पूड, तीन चिमटी ठेवल्या. वर स्वच्छ फडक्याची पट्टी बांधली. कवडूंना वाटलं दंडाला मार लागला. दोन दिवसांनी पट्टी सोडली. बेसनाची जागा कोरी. हळदीची जागा पिवळी, बाकी कोरी. तिसरी जागा रुपयाएवढी लाल, आणि तिच्यावर मोहरीसारखे फोड. सालीलाही वास असतोच, बाटलीसारखा.

मी तो दंड कवडूंना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"संत्र्यानं?"

"सालीनं."

"संत्र्याच्या गावात राहून संत्र्याशी वैर. आता काय गाव सोडतं का?"

"गाव नाही. डबे फेकते."

"तुह्या मायचं उटणं आहे ते," ते हळू बोलले. त्यांना माझी माय माहीत होती.

मला ते माहीत होतं. ज्या पुडीनं माझं नाव झालं, तिनंच माझे हात गेले होते. नागपूरच्या बाटल्यांना दोन महिने शिव्या दिल्या आणि घरच्या डब्याला नमस्कार केला. त्या वर्षी दळलेले दोन्ही डबे मी आवारात खड्डा करून पुरले. कवडूंनी माती ओढली. त्या दिवसापासून ते बगिच्यातून आले की आधी विहिरीवर हातपाय धुवायचे, मगच घरात शिरायचे. आणि मला संत्रं खायचं असलं की ते सोलून द्यायचे, एकेक फोड, वरचे दोरे काढून. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण असे लाड आधी कधी झाले नव्हते.

पंधरा दिवसांत खाज गेली. महिन्यात फोड बसले. जानेवारीच्या शेवटी तळहातावर पुन्हा रेषा दिसू लागल्या. मी वहीत लिहिलं, 'हात बरे', आणि त्याखाली सलग बावीस दिवस तेच लिहिलं.

फेब्रुवारीत ओटी भरायला सौंसरला गेलो. जयवंताबाईंचं अंगण बायकांनी भरलं होतं. रामाकोना गावाहून आलेल्या त्यांच्या बहिणी, शेजारणी, प्रकाशच्या काकू. माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत होतं, ते त्यांच्या सरकून बसण्यावरून कळलं. मी जयभीम केला आणि हात पदराबाहेर ठेवले.

जयवंताबाईंनी माझे हात आपल्या हातात घेतले. तळवे पाहिले, उलटे केले, बोटं फाकवून बेचकं पाहिलं, नखं पाहिली. बाजारात भाजी पाहावी तसं. सुमन दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मग त्या आत वळल्या आणि परात घेऊन आल्या. परातीत पुरणपोळीसाठी गव्हाचं पीठ होतं, पायलीभर तरी असेल. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"इहीनबाई, कणिक तुम्हीच मळा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "आज सगळे तुमच्या हातचं खातीन. कोणाले उपास असन तं आताच सांगा."

कोणाला उपास नव्हता. मी बाह्या वर सारल्या आणि मळायला बसले. तेल लावून, मुठीनं दाबून, दुमडून, पुन्हा दाबून. भावजयीचं घर सोडलं तर दोन वर्षांत मी कोणाच्या घरचं पीठ मळलं नव्हतं. कणिक अशी मऊ झाली की एक काकू म्हणाली, हिच्या हातात तं लोणी आहे. पहिली पोळी तव्यावरून उतरली ती जयवंताबाईंनी उभ्या उभ्याच खाल्ली. तोंडात घास असतानाच म्हणाल्या, "सुमन, पेटी भर."

एप्रिल ८६ मध्ये पांढुर्ण्याला सुमनला मुलगी झाली. तिचं नाव उर्मिला. पाचव्या दिवशी मी पाय लांब करून बसले. तिळाचं तेल, बेसन, चिमूटभर हळद, कोमट पाणी. दुसरं काही नाही. पाणी पाठीवर पडलं तशी ती एकदाच रडली आणि मग झोपली. माझे हात तिच्या पाठीवर होते, आणि पाठ आणि हात दोन्ही कोरे होते. कवडू दाराबाहेर उभे राहून विचारत होते, झालं का, झालं का. झालं होतं, पण मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. आणखी दोन तांबे पाणी घातलं.

बाराव्या दिवशी जयवंताबाई आल्या, एक रंगीत टोपली घेऊन. आत लेकराचा साबण, पावडर, तेल, सगळं वासाचं, नागपूरहून मागवलेलं. टोपली खाली ठेवली आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. माझ्या माहितीत त्या बाईनं हा शब्द आयुष्यात तेवढाच एकदा वापरला. टोपली त्यांनी परत सौंसरला नेली. पावडर पुढे वर्षभर त्यांनी स्वतःच लावली, असं सुमन सांगायची.

उर्मिलेची तुकतुकीत पाठ पाहून गावातल्या बायका चांगलं बोलू लागल्या. जून महिन्यात अनुराधाबाईंचा निरोप आला, दुसरं बाळंतपण होतं. मी सांगून पाठवलं की येईन. पण तेल आणि बेसन माझं राहील, घरातल्या बाटल्या माझ्या हाताला लागणार नाहीत. आणि मी समोरच्या दारानं येईन. दोन दिवस उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा गडी आला आणि म्हणाला, बाईंनी बोलावलं. मी गेले तेव्हा समोरचं दार उघडं होतं. त्यानंतर पुष्कळ घरांची समोरची दारं मला माहीत झाली.

रोग गेलेला नाही. तो आहे, मी आहे. लग्नात गुलाबपाणी शिंपडणारा आला की मी हात पदरात घेते, अत्तराचा फाया पुढे केला की नमस्कार करते. बाहेरगावी जाताना पिशवीत बेसनाची पुडी असते. एकदा कोणाच्या घरी वासाच्या साबणानं हात धुतले आणि आठ दिवस भोगलं. वही अजून चालू आहे. तिसरी वही आहे ही.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात जयवंताबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. प्रकाशनं विचारलं, दुसऱ्या कोणाला बोलावू का. त्यांनी डाव्या हातानं पांढुर्ण्याच्या दिशेला बोट दाखवलं. मी जाऊन राहिले. दोन महिने रोज त्यांना तिळाच्या तेलानं मालीश केली, अंघोळ घातली, वेणी घातली. एकदा त्यांनी माझा हात डाव्या हातानं धरला, बोटं फाकवून बेचकं पाहिलं, आणि अर्ध्या तोंडानं हसल्या. मी म्हटलं, साफ आहे, पाहून घ्या. त्यांनी मान हलवली.

त्या गेल्या तेव्हा शेजाऱ्यांनी उशाशी अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवला. प्रकाशनं तो उचलून अंगणाच्या टोकाला नेऊन खोचला, मला सांगावंही लागलं नाही. शेवटची अंघोळ मी घातली, साध्या पाण्यानं.

जयवंताबाई सौंसरला आपल्या घरी वारल्या. बुधवार, २२ फेब्रुवारी १९८९, सकाळी.